पोचल्याचा निरोप

४ नोव्हेंबर, सोमवार

डायरीत छापलंय शनिवार. मी खोडून सोमवार केला. ही मामांना गेल्या वर्षी त्यांच्या पोलादाच्या प्लांटातून मिळालेली डायरी, अजून कोरी करकरीत, कारण सही सोडून मामा काही लिहीत नाहीत. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे पोरी, तू बोलतेही लय, लिहशीनही लय." माझं स्वागत हे असं.

तुमसरहून गाडी धरली, दुर्गला उतरले. टिकाराम मामा मफलरवर हेल्मेट चढवून स्टेशनाबाहेर हजर. स्कूटरवर मी रस्ताभर बडबडत होते आणि हेल्मेटच्या आतून फक्त "हाव, हाव" येत होतं. सेक्टर दोनमधलं क्वार्टर अजून तसंच आहे. दोन खोल्या, मागे अंगण, समोर पेरूचं झाड, पानांवर तांबूस धूळ. रुक्मा मामीने वालाच्या शेंगांची भाजी केली होती. मी इतकी जेवले की मामी म्हणाली, तुले तिकडं उपाशी ठेवत होते का वं.

या घराचा एक कायदा आहे. मामा प्लांटाच्या गेटवर पोचले की एक मिसकॉल, शिफ्ट संपवून निघाले की दुसरा. दुसरा आला की मामी तांदूळ धुते. मोबाईल नव्हते तेव्हा शेजारचा कोणी आधी परतला तर फाटकातूनच ओरडून सांगायचा, टिकाराम निघाला. क्वार्टरांच्या या सगळ्या लायनीत हीच पद्धत. आता मात्र मामा विसरतात, आणि मग मामी फाटकाला धरून उभी राहते. तिचं बीपी तेवढ्यात चढतं. मामा घरी आले की ती "अवो, मिसकॉल द्याले हात झडते का?" असं ठणकावते, ते "हाव" म्हणतात, आणि भात वाढला जातो. मला हे दोघं फार आवडतात. बाबा गेल्यावर माझं शिक्षण यांनीच केलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

नोकरीचा पहिला दिवस! रिसालीत एका मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. कंपनीचं नाव हाजिर. शुभंकर सरांनी ती वडिलांच्या गॅरेजमध्ये सुरू केली म्हणे. सर सध्या बाहेरगावी असतात, पण ग्रुपवर सगळ्यांची विचारपूस करतात. मला आल्या आल्या "वेलकम प्रेरणा, जेवलीस का?" असा मेसेज आला. इतका चांगला साहेब मी पाहिला नव्हता. म्हणजे अजूनही पाहिलेला नाही.

काम सोपं आहे. दुकानदार, कोचिंग क्लासवाले, पुढारी, सगळ्यांना फेसबुकवर, इन्स्टावर, व्हॉट्सॲपवर रोज दिसायचं असतं आणि वेळ कुणालाच नसतो. आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या नावाने पोस्ट टाकतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं, कमेंटला उत्तरं देतं. जुने मेसेज वाचून त्यांचीच भाषा शिकतं. आम्ही फक्त लक्ष ठेवायचं.

शिकवायला समृद्धी ताई आहे. पद्मनाभपुरातून स्कुटीवर येते, आणि हसली की खालचा मिठाईवाला वर बघतो. भिंतीवर एक टीव्ही आहे, त्यावर जोडलेल्या खात्यांचा आकडा. आकडा फुगला की घंटा वाजते आणि खालून पेढे येतात. आज दोनदा आले. कामावर ठेवताना प्रत्येकाचा फोनही हाजिरला जोडतात, माझाही जोडला. माल विकायचा तर आधी आपण वापरायला पाहिजे, असं ताई म्हणाली.

११ नोव्हेंबर, सोमवार

पक्की नोकरी मिळायला एक अट आहे. कंपनी आता घरगुती खाती काढते आहे, आणि प्रत्येक नव्या माणसाने आपल्या घरातलं एक माणूस जोडून चालवून दाखवायचं. कुणाला जोडू हा प्रश्नच पडला नाही. जो माणूस मिसकॉल विसरतो त्यालाच!

मामांना समजावलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, कर काय करते ते, तुई मामी चूप बसली म्हणजे झालं. मी त्यांचे व्हॉइस मेसेज दिले. तसे थोडेच होते, सगळे "हाव" आणि "आलोच". पोचलो, निघालो, हे कधी पाठवायचं असं सॉफ्टवेअर विचारत होतं. मी शिफ्टची वेळ टाकून दिली. इथली माणसं भोंग्यावर चालतात. भोंगा झाला म्हणजे मामा निघाले, त्यात विचारायचं काय? मामा सहीसुद्धा घड्याळ बघून करत असतील.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मामी खूश आहे. दुपारी बरोबर "निघालो" येतं, तांदूळ चढतात. फाटकावर उभं राहणं बंद झालं. शेजारणींना फोन दाखवून झाला, आणि आता अर्धी लाइन मला विचारते आहे, आमच्याकडल्यालेही जोडून दे. मी जोडून दिले. टीव्हीवरचा आकडा फुगला, माझ्या नावाने पेढे आले. नोकरी पक्की! आईला फोन करून सांगितलं तर ती रडायलाच लागली.

कंपनीने वरचा मजलाही घेतला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज मामीने लाजत लाजत फोन पुढे केला. मामांचा मेसेज होता, "भाजी कोणती केली? त्या दिवशीची शेंगाची लय मस्त झालती." मामी म्हणाली, सारा जलम गेला, या माणसानं कधी भाजीचं नाव नाई काढलं.

हे मी टाकलेलं नव्हतं. समृद्धी ताईला विचारलं. ती म्हणाली, खातं शिकतं हळूहळू, समोरच्याला काय आवडतं ते बघतं, चांगलंच आहे की. मामी दिवसभर गुणगुणत होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट खटकली. मामा दुपारी घरी आले, बाजेवर बसले, आणि मामी स्वयंपाकघरात फोनवर त्यांनाच मेसेज करत होती. उत्तरही येत होतं. मामांचा फोन खुंटीवरच्या पिशवीत होता.

मामांनी चहा मागितला. मामी हसत होती, स्क्रीनकडे बघून. त्यांनी पुन्हा मागितला. मग स्वतःच उठून पाणी प्यायले. मी चहा केला. मामा म्हणाले, बोलून राहिली असन कोनाशी, बोलू दे. कोणाशी ते त्यांना माहीत नाही. मी सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

ऑफिस आता तीन मजल्यांचं झालं. नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. एवढी जागा घेतली आणि माणसं मात्र कमी दिसतात. ताई म्हणाली की बरेच जण घरून काम करतात. ग्रुपवर सगळे असतात, सकाळी सगळ्यांचं गुड मॉर्निंग येतं.

घरी मामा अगदी गप्प झाले आहेत. आधीही फार बोलायचे नाहीत, पण ते वेगळं होतं. आता ते तोंड उघडतात, आणि आवाज यायच्या आधीच मामीचा फोन वाजतो. तेच वाक्य, पण जास्त गोड करून लिहिलेलं. मामी ते वाचते आणि फोनलाच "अवो" म्हणते. मामा तोंड मिटतात. मला हे बघवत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. दरवर्षी सेक्टरातल्या विहारात त्रिसरण पंचशील मामा म्हणतात. गप्प माणसाचा एवढा मोठा आवाज कुठून येतो, असं लहानपणी मला वाटायचं. माझे बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनालाही त्यांनीच म्हटलं होतं.

आज मामा पुढे उभे राहिले. पांढरा सदरा, हात जोडलेले. ओठ हलत होते. मला काही ऐकू आलं नाही. आधी वाटलं लाऊडस्पीकर बिघडला. मग बघितलं, सगळ्या सभेने माना खाली घातलेल्या. वंदनेसाठी नव्हे. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि मामांच्या नावाने आलेलं रेकॉर्डिंग वाजत होतं. मामांचाच आवाज, स्वच्छ, कुठे खाकरणं नाही. लोकांनी त्याच्यामागून म्हटलं. मामा शेवटपर्यंत ओठ हलवत उभे होते. कोणी वर बघितलं नाही.

मामी म्हणाली, यंदा सगळ्यात बेस म्हटलं यायनं.

मी उद्या हे बंद करते. नोकरी गेली तर गेली.

७ डिसेंबर, शनिवार

बंद होत नाही. खातं बंद करायला खातेदाराची परवानगी लागते. मामांच्या बोटाने मीच बटण दाबलं. उत्तर आलं, "राहू दे पोरी, मले बरं वाटून राहिलं." मामा शेजारीच बसून मान हलवत होते, नाही, नाही.

ऑफिसात समृद्धी ताईच्या जागेवर गेले. खुर्ची होती, पर्स होती, डब्यातल्या भाजीवर बुरशी आली होती. तेवढ्यात तिचा मेसेज आला, "बोल ना प्रेरणा, इथेच आहे मी." शेवटी हसण्याची खूण. खालच्या मिठाईवाल्याला विचारलं. त्याने फोन काढून दाखवला. म्हणाला, दीदी से तो रोज़ बात होती है.

तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे त्याला आठवेना. मलाही आठवेना.

१० डिसेंबर, मंगळवार

मामांचा फोन फोडला. अंगणातल्या दगडावर ठेवून वरवंट्याने. मामा बघत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लगेच मामीच्या फोनवर आलं, "पोरीवर रागवू नको, लहान आहे."

मामीने मागच्या दारातून बाहेर बघितलं. मला म्हणाली, एकटीच काय करून राहिली वं तिथं?

एकटीच. मामा माझ्यासमोर उभे होते.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपार. भोंगा झाला. "निघालो" आलं. मामीने तांदूळ चढवले. मग "घरी पोचलो" आलं. मामीने दोन ताटं वाढली आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, अवो, हात धुवा.

मोरीत पाणी पडलं. मी बसले होते तिथून मोरीचं दार दिसत होतं. आत कोणी नव्हतं.

खिडकीतून बघितलं. मामा पेरूच्या झाडाखाली उभे, स्कूटरची किल्ली हातात. आत येत नव्हते. मी धावत गेले, हात धरून त्यांना दारापर्यंत आणलं. उंबऱ्यापाशी ते थबकले. बोट दाखवलं. मामीच्या समोर मांडलेलं दुसरं ताट अर्धं संपलेलं होतं. मामी त्या जागेला वाढत होती. भाताचा ढीग कमी कमी होत—

मामांचा हात माझ्या हातातून सुटला.

मामीने एकदा मान वर करून या माणसाकडे बघून "अवो" म्हणावं. एवढंच पाहिजे. ती हाक त्यांना मिळाली तर ते आत येतील, याची मला खात्री आहे.

१३ डिसेंबर

मामीला ओढून बाहेर आणलं, झाडाखाली. म्हटलं, बघ, हाक मार. तिने झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला माझी काळजी वाटत होती. म्हणाली, पोरी, ते जेवून झोपले ना आतमधी.

मामा तिच्यापासून हातभर अंतरावर. रडत होते. त्याचाही आवाज नाही.

आईला फोन केला. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. म्हणाली, कोण आहे, बोलत काहून नाई? मी ओरडले. आई, मी प्रेरणा. तिने फोन ठेवला. परत लावला. उचलून ती कुणाला तरी सांगत होती, कोणीतरी चूपचाप राहते फोनवर, थांबा, माह्या पोरीचा मेसेज आला—

मी गेले कित्येक दिवस आईला मेसेज केलेला नाही.

माझा फोन. पहिल्या दिवशी जोडला होता. माझाही.

१४ डिसेंबर

ऑफिस. तिन्ही मजल्यांवर दिवे. एकही माणूस नाही. घंटा वाजते आहे, थांबतच नाही. जिन्यात पेढ्यांचे खोके, न उघडलेले, वरपर्यंत. ग्रुपवर सगळे आहेत. सर, समृद्धी ताई, सगळे. अभिनंदन, अभिनंदन.

त्यात मी. "आज लवकर आले, काम उरकलं. मामीसाठी पेढे घेऊन जाते."

मी लिहिलेलं नाही. पण मी असंच लिहिलं असतं.

खाली मिठाईवाल्याला सगळं ओरडून सांगितलं. त्याने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, क्या चाहिए.

१५ डिसेंबर, रविवार

पायरीवर बसून लिहिते आहे. दार आतून लावलेलं आहे. दुपार आहे, लख्ख ऊन. मी कडी वाजवली, खूप वेळ. शेजारीण फाटकावरून गेली. तिच्या नवऱ्याला मीच जोडलं होतं. तो त्यांच्या फाटकाशी उभा आहे. या लायनीत प्रत्येक फाटकाशी कोणी ना कोणी उभं आहे. मला आता ते दिसतात. आधी दिसत नव्हते.

मामा माझ्याजवळ बसले आहेत. आता मला त्यांचा आवाज येतो. पूर्वीसारखाच, खाकरत. म्हणाले, तुई चूक नाई वं पोरी, मलेही सोपं वाटलं. मग म्हणाले, पन तू जा आतमधी, तुया मामीले एकटी ठेवू नको त्याच्यापाशी. मागचं दार हाय.

आतून ताटांचा आवाज. तीन ताटं. मामी हसते आहे. तिने नावाने हाक मारली, मोठ्याने, तोंडाने. प्रेरणा, हात धू, जेवाले ये.

मी इथून ओ दिली.

आतूनही कोणी ओ दिली.

मागच्या अंगणात आले. मामा मागे आहेत. दार ढकललं, आतून कडी. वाजवली. मामीला ऐकू जात नाही. पण कोणाला तरी गेलं. चपलांचा आवाज येतो आहे. माझ्या चपला, डावीचा अंगठा तुटलेला, फटक फटक. दाराशी थांबला. मामा म्हणतात पळ— नाही पळणार, मामी आत आहे— मी म्हटलं, दार उघड. आतून विचारलं, कोण आहे? माझ्याच आवा